दुसऱ्याच्या लढाईतली माणसं

(पलसाणा येथील व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते म्हणे वर्गात जगाचा नकाशा कायम टांगून ठेवत आणि तास कुठल्याही विषयाचा असो, पोरांना एकदा तरी त्या नकाशासमोर उभं करत. तेव्हा त्यांच्या नावाने बोलायचं तर नकाशा उघडावा लागणार. संयोजकांना मी विषय कळवला तेव्हा पलीकडून थोडा वेळ आवाजच आला नाही. मग त्यांनी विचारलं, "सर, लाओसचं आणि पलसाण्याचं काय नातं?" प्रश्न रास्त आहे. तासाभरात उत्तर देतो. नाही पटलं तर मानधन परत.

आधी तुमच्याविषयी बोलतो. या सभागृहातले निम्म्याहून अधिक लोक तापीच्या वरच्या अंगाचे आहेत. धुळे, नंदुरबार, जळगाव. कुणी भुसावळ–सुरत गाडीने एका पिशवीनिशी आलं, कुणाचे वडील आले. कडोदऱ्यापासून पलसाण्यापर्यंतच्या डाइंग-प्रिंटिंग मिलांमध्ये, सुरतेच्या लूमवर, साड्यांच्या मार्केटात तुम्ही उभे राहिलात. घर सोडणं म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण आखाजीला तुम्ही गावी जाता. लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधले जातात. गाव सोडलं तरी गाव जागेवर आहे, आणि तिकीट काढलं की पोचता येतं. ज्यांच्याविषयी मी आज बोलणार आहे त्यांना आखाजी नाही. गाव आहे, वाट माहीत आहे, पण जायची सोय नाही.

आता नकाशा. चीनच्या खाली, व्हिएतनाम आणि थायलंड यांच्या मधे लाओस नावाचा चिंचोळा देश आहे. समुद्र नाही, डोंगर भरपूर. त्या डोंगरांच्या माथ्यावर हमोंग नावाचे लोक राहतात. डोंगरउतारावर राब करून भात, मका पिकवणारे, अफू पिकवणारे. आपल्या सातपुड्यातल्या माणसाला त्यांचं जगणं फार परकं वाटणार नाही. फ्रेंच गेले, कम्युनिस्ट आणि राजेशाही यांची झुंज लागली. १९६२ मध्ये जिनिव्हात मोठ्या राष्ट्रांनी बसून करार केला की लाओस तटस्थ राहील आणि सगळ्या परक्या फौजा निघून जातील. अमेरिकेने आपली ६६६ माणसं मोजून बाहेर काढली. उत्तर व्हिएतनामची हजारोंची फौज होती; तपासणी नाक्यावरून बाहेर पडलेले मोजले गेले ४०. चाळीस! करार असा पाळला गेला. मग अमेरिकेनेही ठरवलं की उघडपणे नसू, गुपचूप असू.

गुपचूप लढायचं तर दुसऱ्याची माणसं लागतात. सीआयएने ती १९६१ पासूनच हेरून ठेवली होती. हमोंगांचा सेनानी वांग पाओ. त्याच्या हाताखाली डोंगरी पोरांची फौज उभी राहिली. तांदूळ विमानातून, बंदुका विमानातून, पगार विमानातून. लाँग चेंग नावाच्या खोऱ्यात धावपट्टी झाली आणि तिच्याभोवती हजारोंची वस्ती वाढली. कुठल्याही छापील नकाशावर तिचं नाव नव्हतं. पुढे जवान मुलगे संपत आले, तेव्हा तेरा-चौदा वर्षांच्या मुलांच्या हाती बंदुका आल्या. १९६४ ते १९७३ या नऊ वर्षांत अमेरिकेने या देशावर २० लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले. विमानांच्या ५ लाख ८० हजार फेऱ्या. रात्रंदिवस, दर आठ मिनिटांना एक विमानभर बॉम्ब, सलग नऊ वर्षं, असा हिशेब पडतो. आणि देशाची लोकसंख्या तेव्हा तीसेक लाख! त्यातले न फुटलेले लहान बॉम्ब आजही शेतात निघतात.

मग अमेरिकेचं मन युद्धातून उठलं. १९७५ साल आठवा. आपल्याकडे त्या जूनमध्ये आणीबाणी आली, म्हणून आपल्याला ते साल वेगळ्या कारणाने लक्षात आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये इराण आणि इराकने अल्जियर्सला समझोता केला आणि इराकी कुर्दांची रसद एका दिवसात तोडली गेली. त्या कुर्दांच्या मागेही अमेरिकाच होती. एप्रिलअखेर सायगाव पडलं. मेच्या मध्यात लाँग चेंग. तिथून विमानाने बाहेर निघाले दोन-तीन हजार, मुख्यतः अधिकारी आणि त्यांची कुटुंबं. धावपट्टीवर हजारो माणसं पुढच्या विमानाची वाट बघत राहिली. वांग पाओ १४ मेला निघून गेला. पुढचं विमान आलं नाही.

या माणसांनी पायी मेकाँग गाठली. नदी ओलांडली की थायलंड. बांबू बांधून, टायरच्या ट्यूबा छातीशी धरून, रात्री. सैनिकांना चाहूल लागू नये म्हणून तान्ह्या मुलांना अफू चाटवत. मात्रा जास्त झाली की मूल पलीकडच्या काठावर जागं होत नसे. हे मी रंगवून सांगत नाही. नदी पार केलेल्या आयांनीच हे पुढे सांगितलं आहे.

थायलंडच्या छावण्यांत त्यांची एक पिढी वाढली. हजारो कुटुंबं हळूहळू अमेरिकेत गेली. मिनेसोटातलं सेंट पॉल, कॅलिफोर्नियातलं फ्रेस्नो, विस्कॉन्सिन. आज तिथे तीन लाखांहून अधिक हमोंग आहेत. टोकियो ऑलिम्पिकमध्ये जिम्नॅस्टिक्सचं सुवर्णपदक जिंकणारी सुनी ली तुमच्यापैकी कुणी टीव्हीवर पाहिली असेल. ती सेंट पॉलच्या हमोंग घरातली मुलगी. पण तिच्या आजोबांच्या पिढीला नागरिकत्वासाठी इंग्रजीची परीक्षा आडवी येत होती. ज्यांनी अमेरिकन वैमानिकांना जंगलातून उचलून आणलं, त्यांना इंग्रजीत लिहिता येत नाही म्हणून थांबवलेलं. ही अट माफ करणारा कायदा झाला २००० साली. पंचवीस वर्षं लागली.

आणि जे राहिले? २८ डिसेंबर २००९ ला थायलंडने हुआय नाम खाव इथल्या छावणीत सैन्य घातलं आणि चार हजारांहून जास्त हमोंगांना ट्रकमध्ये भरून लाओसमध्ये परत पाठवलं. संयुक्त राष्ट्रांनी निषेध केला, अमेरिकेने केला. निषेधाने ट्रक थांबत नाहीत.

इथपर्यंत ऐकून तुमच्या मनात येईल की ही अमेरिकेला शिव्या घालायची सभा आहे. तसं असतं तर सोपं झालं असतं. अशा सभेला टाळ्या मिळतात, चहा मिळतो आणि आपण निर्मळ मनाने घरी जातो. गोष्ट आपल्या अंगणात यायची आहे अजून.

ज्या सीआयएने हमोंगांना हाताशी धरलं, तिने त्याच काळात आणखी एका डोंगरी लोकसमूहाला हाताशी धरलं होतं. तिबेट. १९५७ मध्ये पहिले काही तिबेटी तरुण दार्जिलिंग-कालिंपाँगच्या बाजूने सीमा ओलांडून पूर्व पाकिस्तानात नेले गेले आणि ढाक्याजवळच्या कुर्मिटोला विमानतळावरून पॅसिफिकमधल्या सायपान बेटावर. पुढच्या तुकड्यांना कोलोरॅडोच्या पर्वतात, कँप हेल इथे शिकवलं. उंची तिबेटसारखी म्हणून ती जागा निवडलेली. १९५८ मध्ये गोम्पो ताशी आंद्रुगत्सांग या लिथांगच्या व्यापाऱ्याने ‘चुशी गांगद्रुक’ ही लढाऊ संघटना उभारली होती. तिला विमानातून शस्त्रं टाकली जाऊ लागली. ती विमानं पुढे कुठून उडत? थायलंडमधल्या ताखली तळावरून. लाओसच्या गुप्त युद्धातही तोच तळ वापरात होता.

विमानातून तिबेटमध्ये उतरवलेल्या तरुणांपैकी बहुतेक परतले नाहीत. १९६० पासून नेपाळच्या मुस्तांगमध्ये तळ झाला. १९६१ मध्ये तिथल्या घोडेस्वारांनी चिनी लष्कराची एक गाडी गाठली आणि अधिकाऱ्याची रक्ताने भिजलेली पिशवी आणली. तीत दीड हजारांहून अधिक पानांचे लष्करी कागद होते. चीनमधला दुष्काळ, सैन्यातली नाराजी, सगळं चिनी लष्कराच्याच शब्दांत. अमेरिकेला असं घबाड क्वचितच मिळालं असेल. वॉशिंग्टनमध्ये आनंद झाला. तिबेटला काय मिळालं? तुम्हीच सांगा. साठचं दशक सरता सरता मदत आटली, फेब्रुवारी १९७२ मध्ये निक्सन माओला भेटले आणि १९७४ मध्ये नेपाळच्या सैन्याने मुस्तांगला वेढा दिला. शस्त्रं खाली ठेवा, हा दलाई लामांचा ध्वनिमुद्रित निरोप तळावर ऐकवला गेला. गुरूची आज्ञा मोडवेना आणि शस्त्र टाकवेना, तेव्हा काही जणांनी स्वतःचा जीव दिला. दलाई लामांनी पुढे आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहिलं की अमेरिकेची मदत तिबेटच्या प्रेमापोटी नव्हती, कम्युनिस्ट सरकारांना त्रास देण्याच्या तिच्या जगभरच्या धोरणाचा तो भाग होता.

शेतकऱ्याच्या घरात एक रीत असते. पेरणीला शेजाऱ्याचा बैल मागून आणला तर त्याला आधी चारा घालतात आणि काम झालं की त्याच्या दावणीला नेऊन बांधतात. लंगडा झाला तर भरून देतात. मोठ्या राष्ट्रांना एवढी रीतही जमत नाही.

आता हस्तक्षेपाच्या वादाकडे येऊ. हा वाद दोन बाजूंनी घातला जातो. एक बाजू म्हणते, दुसऱ्याच्या घरात पाय घालू नये. आज तिबेटात घातला तर उद्या काश्मिरात कुणी घालेल. दुसरी बाजू म्हणते, डोळ्यांदेखत माणसं मारली जात असताना सीमेचं कौतुक कशाला? दोन्ही बाजूंची माणसं प्रामाणिक असतात आणि दोन्ही बाजूंना हाताशी उदाहरणं असतात. इथून दक्षिणेला दादरा-नगर हवेली आहे. जुलै-ऑगस्ट १९५४ मध्ये तिथे पोर्तुगीज सत्ता उखडायला गेलेल्या स्वयंसेवकांत आपली मराठी माणसं किती होती! सुधीर फडके त्यात होते. भावगीतं गाणारा माणूस त्या मोहिमेत सामील झाला. पोर्तुगालने त्याला घुसखोरी ठरवून हेगचं आंतरराष्ट्रीय न्यायालय गाठलं. गोव्यात १९६१ च्या डिसेंबरात आपलं सैन्य गेलं, तेव्हा सुरक्षा परिषदेत आपल्याविरुद्धचा ठराव रशियाच्या नकाराधिकाराने पडला. म्हणजे हस्तक्षेप नको हे तत्त्व आपणही सोयीने बाजूला ठेवलं आहे. माझ्या मते योग्य कारणासाठी ठेवलं. पण ठेवलं.

आणि १९७१? पूर्व बंगालमधून एक कोटी निर्वासित आले. डिसेंबरमध्ये आपलं सैन्य गेलं, ढाका पडलं आणि निर्वासितांपैकी बहुतेक काही महिन्यांत आपापल्या गावी परतले. फौज गेली आणि निर्वासित घरी पोचले, अशी उदाहरणं जगात बोटांवर मोजण्याइतकी. त्याविषयी अभिमान वाटणं स्वाभाविक आहे. या १९७१ कडे मी थोड्या वेळाने परत येणार आहे, लक्षात असू द्या.

त्याआधी बारडोली. इथून किती लांब? रिक्षाने जाता येतं. १९२८ च्या सत्याग्रहाने ज्यांना सरदार ही पदवी मिळाली, ते वल्लभभाई १९५० मध्ये दिल्लीत उपपंतप्रधान होते. ऑक्टोबरमध्ये चिनी सैन्य तिबेटमध्ये शिरलं. ७ नोव्हेंबरला सरदारांनी नेहरूंना एक लांब पत्र लिहिलं. ते पत्र आता दर निवडणुकीला बाहेर निघतं आणि नेहरूंच्या डोक्यात घातलं जातं. ज्यांनी ते वाचलं असेल त्यांना ठाऊक असेल की तिबेटमध्ये सैन्य पाठवा असं सरदारांनी त्यात म्हटलेलं नाही. आपली सरहद्द सांभाळा, चीनकडे डोळे उघडून बघा, असं म्हटलं आहे. सैन्य पाठवायची ताकद तेव्हा होती कुठे? काश्मीर पेटलेलं, फाळणीचे निर्वासित छावण्यांत, धान्य परदेशातून. या बाबतीत सरदार आणि पंडितजी यांच्यात फारसं अंतर नव्हतं. पण पत्रातली एक ओळ मला दोघांच्या मतभेदापेक्षा मोठी वाटते. तिचा आशय असा, की तिबेटी लोकांनी आपल्यावर भरवसा टाकला, आपल्या सल्ल्याने चालायचं ठरवलं आणि आपण त्यांना सोडवू शकलो नाही, ही खरी शोकांतिका. शेतकऱ्यांच्या भरवशाचं ओझं ज्याने इथल्या गावांत वाहिलं, त्यालाच ही ओळ सुचू शकते. सव्वा महिन्याने, १५ डिसेंबरला सरदार गेले.

आता याच नोव्हेंबरातली दुसरी घटना. २४ तारखेला संयुक्त राष्ट्रांच्या समितीपुढे तिबेटचा प्रश्न आला. आणला कुणी? एल साल्वादोर या मध्य अमेरिकेतल्या चिमुकल्या देशाने. मोठा एकही पुढे नव्हता. भारताच्या वतीने उभे राहिले नवानगरचे जामसाहेब, दिग्विजयसिंहजी. शांततेच्या मार्गाने तोडगा निघेल अशी आशा आहे, असं त्यांनी सरकारच्या सूचनेप्रमाणे सांगितलं आणि चर्चा पुढे ढकलली गेली. हे जामसाहेब कोण? दुसऱ्या महायुद्धात रशियाने पोलंडमधून सायबेरियात नेलेल्या कुटुंबांतली पोरकी मुलं इराणमार्गे हिंदुस्थानात आली, तेव्हा जामनगरजवळ बालाचडीला त्यांना आपली म्हणून ठेवून घेणारा राजा. आपल्या कोल्हापूरजवळ वळिवड्यालाही १९४३ पासून पाचेक हजार पोलिश माणसं राहिली. २०२४ मध्ये पंतप्रधान वॉर्सात जामसाहेबांच्या आणि कोल्हापूरच्या स्मारकांवर फुलं वाहून आले, ते तुम्ही पाहिलं असेल. एकच माणूस. बालाचडीत त्याने जे केलं ते स्वतःच्या दाराशी केलं आणि इतिहासात राहिलं; न्यूयॉर्कमध्ये जे केलं ते देशाच्या नावाने केलं आणि कुणाला आठवत नाही. मला त्यांना दोष द्यायचा नाही. राजा म्हणून जे करता येतं ते प्रतिनिधी म्हणून करता येत नाही, एवढंच यात दिसतं. पुढे १९६५ मध्ये आमसभेत तिबेटच्या बाजूने भारताने मत दिलं, तेव्हा भारताची बाजू मांडली ती महाराष्ट्राच्या रफिक झकेरियांनी. म्हणजे पंधरा वर्षांत आपली भूमिका पूर्ण फिरली. मध्ये १९६२ चं चीनशी युद्ध घडलं होतं ना.

तर हा वाद असा चालतो. जावं की न जावं, यावर ग्रंथ लिहिले जातात. निघून कसं यावं यावर कुणी लिहीत नाही. आणि मरतात ती माणसं आत जाताना थोडी, निघून येताना फार. काबूलच्या विमानतळावर ऑगस्ट २०२१ मध्ये विमानाला लोंबकळणारे लोक आपण मोबाइलवर पाहिले. अमेरिकन फौजेचे दुभाषे, वाहनचालक, पहारेकरी बाहेर राहिले. लाँग चेंगला कॅमेरे नव्हते, एवढाच काय तो फरक. म्हणून हस्तक्षेपाचा हिशेब त्याच्या शेवटापासून मांडला पाहिजे, असं माझं म्हणणं आहे. कुणी एखाद्या लोकसमूहाच्या हातात बंदूक देणार असेल, तर त्याला पहिल्याच दिवशी विचारा: हरलास तर यांना घरी घेणार का? कागद देणार का? यांचं नाव घेणार का? उत्तर नाही असेल तर बंदूक देऊ नकोस. हा निकष लावला तर जगातल्या निम्म्या गुप्त मोहिमा सुरूच होणार नाहीत, हे मला कळतं. होऊ नयेत.

हाच निकष आता आपल्याला लावू.

घरी घेतलं का? घेतलं. याबाबतीत मान ताठ ठेवायला हरकत नाही. ३१ मार्च १९५९ ला दलाई लामा भारतात आले. मागोमाग ऐंशी हजारांच्या आसपास माणसं. हिमालयात रस्ते फोडण्याच्या कामावर त्यांना लावलं, उकाड्याने आणि रोगांनी पुष्कळ गेले. मग म्हैसूर राज्याने बैलकुप्प्याला जमीन दिली, मुंडगोडला दिली. महाराष्ट्रानेही दिली. तेव्हाच्या भंडारा आणि आताच्या गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, इटियाडोह धरणाजवळ गोठणगाव आहे. तिथे १९७२ पासून नॉर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. झाडीपट्टीचं ऊन तुम्हाला माहीत आहे. मेमध्ये पंचेचाळीसला टेकतं. बर्फातून आलेल्या माणसांनी तिथे धान लावायला शिकून घेतलं. पण कोरडवाहू शेतीवर घर चालत नाही. म्हणून दिवाळी सरली की ही माणसं लुधियानाहून उधारीवर स्वेटर उचलतात आणि शहरोशहरी दुकानं मांडतात. पुण्यात, नागपुरात, तुमच्या सुरतेत. सुरतेला थंडी किती पडते? चार दिवस. तरी तुम्ही दरवर्षी तिथे जाता, घासाघीस करता, नातवासाठी टोपी घेता. दुकानातल्या त्या तिबेटी बाईने कधी तुम्हाला सांगितलं का, की तिचा सासरा कुठल्या पर्वतात विमानातून उतरला होता? सांगणार नाही. आपणही विचारत नाही.

नाव घेतलं का? इथे १९७१ कडे परत जाऊ. १९६२ च्या नोव्हेंबरात, चीनचं युद्ध चालू असतानाच, भारत सरकारने डेहराडूनजवळ चक्राता इथे तिबेटी जवानांची एक गुप्त फौज उभी केली. मेजर जनरल सुजानसिंग उबान तिचे पहिले प्रमुख. बाहेरचे लोक तिला नुसतं ‘बावीस’ म्हणतात. तिबेट सोडवायला म्हणून हे तरुण भरती झाले. त्यांना लढायला मिळालं ते तिबेटमध्ये नव्हे, चितगावच्या डोंगरांत, बांगलादेशासाठी. आपला हात दिसू नये म्हणून बल्गेरियन बनावटीच्या रायफली देऊन पाठवलं. पहिल्याच दिवसांत त्यांचा सेनानी दापोन धोंडुप पडला. पन्नासहून अधिक तिबेटी मेले, दोनशेच्या आसपास जखमी झाले. एकेकाळी ज्या पूर्व पाकिस्तानातून अमेरिकेने तिबेटींना विमानात बसवलं होतं, त्याच भूमीवर हे तिबेटी दुसऱ्या देशासाठी मेले, आणि दोन्ही खेपांना गुप्ततेची अट होती. पदकं दिली तर फौज आहे हे कबूल करावं लागलं असतं. म्हणून रोख बक्षिसं देऊन निरोप. १९७१ च्या विजयाचा आपल्याला जो अभिमान आहे, त्यात यांचा वाटा किती जणांना शाळेत शिकवला गेला? २०२० च्या ऑगस्टअखेर लडाखमध्ये याच फौजेचा एक तिबेटी जवान सुरुंगात मेला, तेव्हा लेहला त्याच्या अंत्ययात्रेत तिरंगा आणि तिबेटी ध्वज दोन्ही होते, आणि टीव्हीच्या कॅमेऱ्यांनी ते दाखवलं. जवळजवळ अठ्ठावन्न वर्षांनी. थोडं अधिक उघड झालं असतं तर चीन रागावला असता का? रागावतो तो तसाही.

आणि कागद? इथे मात्र आपला हिशेब अर्धवट आहे. १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही नाही. थायलंडचीही नाही. आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाच नाही. तिबेटी माणूस कायद्याने परदेशी आहे आणि नोंदणीचा दाखला नूतनीकरण करून राहतो. सरकारची मर्जी चांगली राहिली म्हणून चांगलं चाललं. मर्जी हा कायदा नसतो, हे हुआय नाम खावच्या ट्रकांनी दाखवलं. न्यायालयांनी थोडी भर घातली. तुमच्याच गुजरात उच्च न्यायालयाने १९९८ मध्ये दोन इराकी निर्वासितांच्या प्रकरणात म्हटलं की जिथे जिवाला धोका आहे तिथे माणसाला ढकलून देता येणार नाही, कारण जगण्याचा घटनादत्त हक्क परदेशी माणसालाही आहे. या निकालाचा पत्ता सुरतेत फार कुणाला नसेल. असायला हवा. गुजरातने अभिमान बाळगावा अशा गोष्टींत तो बसतो.

कुणी म्हणेल, आपल्याच लोकांचं भागत नाही, यांचं कुठे करत बसता? हा प्रश्न मी टाळत नाही. खानदेशातून आलेल्या तुमच्याविषयीही सुरतेत कुणीतरी कधीतरी हेच म्हटलं असेल. आणि तिबेटींची संख्या तरी केवढी? २००९ मध्ये त्यांच्याच निर्वासित प्रशासनाने मोजली तेव्हा भारतात सुमारे ९४ हजार. सुरतेचा एखादा भाग याहून मोठा असेल. नंतर ती घटतच गेली आहे. तरुण मुलं अमेरिका, कॅनडा, युरोप गाठत आहेत. नागरिकत्व त्यांच्यातल्या सगळ्यांना हवंच आहे असंही नाही. पुष्कळ वडीलधारे म्हणतात, भारतीय झालो तर परत जायचा हक्क कुणी सांगायचा? मला तो विचार समजतो आणि त्यात भर घालायचा मला अधिकार नाही. पण ज्याला हवं त्याला मिळावं, इतकं साधं आहे. तेही साधं ठेवलेलं नाही.

गोठणगावच्या वसाहतीतलं एक घर डोळ्यांसमोर आणा. आईबाप तिबेटात जन्मलेले. थोरला मुलगा १९८६ चा, धाकटी मुलगी १९८८ ची. आपल्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ च्या आधीपर्यंत भारतात जन्मलेला माणूस जन्मानेच भारतीय. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये हे तिबेटींनाही लागू असल्याचं सांगितलं, २०१४ मध्ये निवडणूक आयोगाने मतदार यादी उघडली. म्हणजे भाऊ भारतीय आणि त्याच अंगणात वाढलेली बहीण परदेशी. २०१९ च्या दुरुस्तीत तीन शेजारी देशांतून आलेल्यांना सवलत मिळाली; तिबेटी त्यात नाहीत. भावाने पासपोर्ट मागितला तर? २०१७ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने अट घातली की तिबेटी म्हणून मिळालेले कागद परत करावेत, तिबेटी प्रशासनाचे लाभ सोडावेत आणि तिबेटी वसाहतीत राहू नये. म्हणजे ज्या देशाचा तो जन्माने नागरिक आहे, त्याचा पासपोर्ट घेण्यासाठी त्याने आईचं घर सोडायचं.

ही अट कुठल्या परक्या महासत्तेने घातलेली नाही. ती दिल्लीत एका आदेशाने आली आणि दुसऱ्या आदेशाने जाऊ शकते. तुमचे खासदार मतं मागायला या भागात येतात, मराठीतही बोलतात. पुढच्या वेळी रस्ता, पाणी, रेल्वेच्या थांब्याबद्दल विचाराल तेव्हा हाही एक प्रश्न विचारा. आता तुमचे प्रश्न घेतो. मागच्या रांगेतल्या काकांनी मघापासून हात वर केला आहे, त्यांना आधी माइक द्या.